कोडं फुकट, उत्तर विकत

कोडेबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि लग्नाच्या दाखल्यावर होतं. बाकी सगळीकडे त्या कोडेबाईच. सांजदैनिकाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी अरुंद खोली होती, तिथे त्या मुद्रितशोधनाचं काम करत. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल कुणाच्याही तोंडून बरा शब्द ऐकायचा नाही. पण रोज दुपारी साडेबारा ते दीड या वेळात त्या खोलीचं दार आतून लागायचं. तेव्हा बाई शब्दकोडं रचायच्या. रोजचं छोटं, शनिवारचं मोठं. अशी अठरा वर्षं गेली होती, आणि कोड्याखाली त्यांचं नाव एकदाही छापून आलं नव्हतं.

हे काम त्यांच्याकडे आलं तेही गमतीनंच. आधीचे कोडेकार म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या कोड्यातल्या चुका बाई निमूटपणे दुरुस्त करायच्या. एकदा मास्तरांनी ‘चार पायांचा पक्षी’ असं लिहून पाठवलं आणि उत्तर दिलं ‘बगळा’. बाईंनी ते कोडंच बदलून टाकलं. मास्तरांना राग आला, त्यांनी कोडी पाठवणं बंद केलं, आणि संपादक म्हणाले, “तुम्हीच मोडलंत, आता तुम्हीच निस्तरा.” बाईंनी निस्तरलं ते कायमचंच.

घरी त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवरा. तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून साचे यायचे आणि पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर दातांच्या बत्तिशा वाळत पडलेल्या असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरातलं कुणी ना कुणी सतत हसतंय. माणूस हाताचा पक्का आणि शब्दाच्या बाबतीत अगदी सरळ. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अहो, ऐका. तो मिळाला की ती ताठ होते. दोन अक्षरं.”

नवरा हातातला दात घासत विचार करायचा. “कवळी.”

“कवळी तीन अक्षरं! आणि ती ताठ कशी होईल?”

“नीट बसली तर होते.”

“मान हो, मान! तो मान मिळाला की ही मान ताठ होते.”

“मग तसं सरळ लिही ना,” असं म्हणून तो पुन्हा घासायला लागायचा. बाई समजायच्या, की जमलं. नवऱ्याला आलं नाही म्हणजे कोडं चांगलं.

पण बाकी वाचक? अठरा वर्षांत बाईंनी आपलं कोडं सोडवणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. बसमध्ये लोक पेपर वाचताना दिसत, पण बाईंना उतरायचं असेल तेव्हाच ते कोड्याच्या पानाकडे वळत. विहिरीत दगड टाकावा आणि ‘डुबुक’ ऐकू येऊ नये, तसं त्यांचं चाललं होतं.

तो काळ असा, की इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किंचाळत यायचं. ते आलं की घरातला फोन बंद पडायचा, आणि एक चित्र उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. अशा दिवसांत मालक कुठल्याशा मोठ्या शहरी वृत्तपत्रवाल्यांच्या परिषदेला जाऊन आले. आले ते झपाटल्यासारखे. हॉटेलातल्या कागदी रुमालांवर त्यांनी टिपणं काढून आणली होती. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

“ऐका,” मालक एकेक रुमाल उलगडत म्हणाले. “पहिला म्हणाला, दहा वर्षांत जगात फुकट काही उरणार नाही. माणूस जेवढ्या ओळी वाचेल तेवढं मीटर पडेल, विजेसारखं. दुसरा म्हणाला, सगळंच फुकट होईल, आणि लिहिणारे गावोगाव भाषणं करून पोट भरतील. तिसरा म्हणाला, हे इंटरनेट म्हणजे दोन वर्षांचं खूळ आहे, ओसरेल. चौथ्यानं काय सांगितलं ते...” त्यांनी रुमाल उजेडात धरला. “त्यावर सूप सांडलंय.”

मालकांची सून कोपऱ्यात उभी होती. संगणकाचं शिकून आलेली, चटपटीत, बोलायला फटकळ. पेपरची वेबसाईट तिनंच उभी केली होती आणि आता त्यावर काय फुकट द्यायचं नि काय विकायचं, याचा निकाल लागायचा होता.

“तुम्हाला काय वाटतं?” मालकांनी एकेकाला विचारलं.

छापखान्याचा फोरमन म्हणाला, “फुकटचं कुणी वाचत नाही साहेब. आमच्या मेव्हण्याला मी रोज पेपर फुकट देतो. तो त्यात चपला गुंडाळतो.”

जाहिरातवाला म्हणाला, “उलट आपणच वाचकाला पैसे द्यावेत, आणि तेवढे जाहिरातदाराकडून दुपटीनं काढावेत.” हा माणूस झोपेतही दुपटीनंच बोलायचा.

वितरणवाले म्हणाले, “पावसापाण्यात भिजत नाही एवढं एक बरं आहे.”

शेवटी मालकांची नजर दाराशी उभ्या असलेल्या कोडेबाईंवर गेली. “बाई, तुम्ही?”

बाईंचं अर्धं लक्ष टेबलावरच्या रुमालांत होतं. एका रुमालावर ‘भवितव्य’ हा शब्द ‘भवीतव्य’ असा पडला होता आणि त्यांचा हात शिवशिवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्या बोलून गेल्या, “कोड्याला कुणी पैसे देणार नाही साहेब. उत्तराला देतील एक वेळ.”

ही गंमत होती. बाई स्वतःच त्यावर हसणार होत्या. पण मालकांनी टेबलावर अशी थाप मारली की चौथा रुमाल उडून खाली पडला.

“बाई! परिषदेत तीन दिवस डोकी घासली, पण एकाला हे सुचलं नाही! कोडं फुकट, उत्तर विकत!”

“अहो साहेब, मी आपलं सहज...”

“सहज! थोर गोष्टी सहजच होतात!”

झालं. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण. आठवड्याभरात वेबसाईटवर रोज सकाळी कोडं चढायला लागलं. उत्तर हवं असेल तर कचेरीच्या खालच्या खिडकीवर महिन्याची वर्गणी भरायची, मग पाकिटातून एक परवलीचा शब्द मिळणार, तो टाकला की संध्याकाळी उत्तराचं पान उघडणार. छापील पेपरात शनिवारच्या कोड्याचं उत्तर पुढच्या शनिवारीच यायचं, म्हणजे अधीर माणसाला खिडकी गाठण्याशिवाय गत्यंतर नाही, असा हिशेब.

पहिल्या महिन्यात सतरा अधीर माणसं निघाली.

मालक बुचकळ्यात पडले. “पाहणारे तर हजारावर दिसतात म्हणतेस. मग बाकीच्यांना उत्तर नको आहे का?”

“त्यांना मिळतंय ना,” सून शांतपणे म्हणाली.

“कुठून?”

तेव्हा उलगडा झाला. त्या काळात प्रत्येक वेबसाईटला अभिप्रायाचं एक पान असे. कुणीही यावं, काहीही लिहावं. सुनेनंही रीत म्हणून एक लावलं होतं. त्या पानावर कोड्याचे शौकीन जमले होते आणि एकमेकांना विचारून विचारून चार वाजायच्या आत सगळं कोडं सोडवून मोकळे होत होते. तेही कवडी न मोजता.

“फुकट्यांची फौज!” मालक कडाडले. “बंद कर ते पान!”

“बंद केलं तर हजारही जातील. मग सतरा जणांना घेऊन बसा,” सून म्हणाली. पान राहिलं. सुनेपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

कोडेबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी सुनेनं त्यांना जिन्यात गाठलं. “काकू, जरा वर या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

संगणकाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे पंखा होता, पण तो संगणकाकडे तोंड करून लावलेला. सुनेनं बाईंना खुर्चीवर बसवलं आणि अभिप्रायाचं पान उघडलं. ओळी सावकाश उतरायला लागल्या.

‘आडवा सात: सरकार मागतं, आई बजावते, खांद्याला लटकतो. दोन अक्षरी. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आली आहे. कुणी सांगेल का?’

खाली कुणी ‘बेकरीवाली’ म्हणून होती. ‘झोळी.’

‘सरकार झोळी मागतं?’

‘आमच्याकडे तर तसंच वाटतं.’

मग कुणी ‘जज्जसाहेब’ म्हणून होते. ते खरोखरच निवृत्त न्यायाधीश होते हे पुढे कळलं, पण कुणालाही कळलं असतं, कारण ते साधं ‘हो’सुद्धा तीन मुद्द्यांत लिहीत. ‘सदर प्रश्नाचे उत्तर कर असे आहे. सरकार मागते तो कर. आई बजावते, अभ्यास कर. खांद्याला लटकतो तो कर म्हणजे हात. रचणाऱ्याने आज कमाल केली आहे.’

आणि त्याच्याखाली बेकरीवाली, ‘अगं बाई!! कर!! मी पिठाच्या हातानं टाळी वाजवली, सगळं दुकान पांढरं झालं.’

कोडेबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांना हसू फुटलं. पहिल्यांदा नाकातून, मग तोंडातून, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. सूनही हसायला लागली. खालच्या मजल्यावरून फोरमन धावत आला, त्याला वाटलं वायरिंगला काही झालं. अठरा वर्षं विहिरीत दगड टाकले होते, आणि आज एकदम सगळ्यांचं ‘डुबुक’ ऐकू आलं होतं.

“अहो, पिठाच्या हातानं टाळी वाजवली,” त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला चार वेळा सांगितलं.

“मग खोकला आला असेल तिला,” नवरा म्हणाला. पण त्यालाही बरं वाटलं असावं. एरवी तो जेवताना बोलत नसे. त्या दिवशी त्यानं विचारलं, “आणि जज्ज काय म्हणाला म्हणालीस?”

त्या दिवसापासून बाईंचा नूरच पालटला. डबा खाऊन त्या धाडधाड जिना चढून वर जायच्या, पान वाचायच्या, आणि खाली येऊन दुसऱ्या दिवशीचं कोडं रचायला बसायच्या. कोड्यांनाही पंख फुटले. ‘गळ्यात पडला तर तो, पदरात पडली तर ती’ असं लिहून त्यांनी ‘हार’ मागवला. ‘आठवड्यात सात, लढाईत अगणित’ असं म्हणून ‘वार’ काढला. बेकरीवालीसाठी पिठाचा एखादा शब्द, जज्जसाहेबांसाठी कायद्याचा एखादा. आणखी एक होता, ‘खलाशी’ म्हणून. तो कुठल्याशा मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळायचा. त्याचं उत्तर नेहमी दोन दिवस उशिरा यायचं, तोवर सगळं संपलेलं असायचं, तरी तो न चुकता लिहायचा, ‘मला आलं होतं!’ त्याच्यासाठी बाई कोड्यात एखादं बंदर पेरून ठेवायच्या.

गंमत म्हणजे मालकांच्या खिडकीचं या सगळ्यात काहीच भलं होत नव्हतं. सतराचे चौदा झाले. मालक सुनेला म्हणायचे, “तो मीटरवाला बरोबर होता,” आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, “तो सूपवाला काय म्हणाला असेल?”

मग ती गादी आली.

एका शुक्रवारी, शनिवारचं कोडं लागून तयार होतं आणि जाहिरातवाला धावत वर आला. एका गादीवाल्यानं ऐन वेळी मोठी जाहिरात दिली होती, तिला जागा हवी होती, आणि कोड्याची शेवटची ओळ मध्ये येत होती.

“बाई, एकच ओळ उडवा. दुपटीचा भाव मिळतोय.”

बाईंनी कपाळाला हात लावला. पण गादीपुढे कोड्याचं काय चालणार! शेवटची ओळ गेली. त्या ओळीत ‘टपाल’ या उभ्या शब्दाचा पाय होता, म्हणून टपालही गेलं, आणि त्याचा मधला चौकोन काळा करावा लागला. घाईत बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. टपालाच्या वर एक आडवा शब्द होता. ‘ज्याला दाम पडत नाही ते’, तीन अक्षरं. उत्तर ‘फुकट’. त्यातल्या ‘ट’ला टपाल धरून होतं. टपाल गेल्यावर त्या ‘ट’ची खात्री पटवणारं कुणी उरलं नाही.

शनिवारी दुपारी अभिप्रायाच्या पानावर भडका उडाला.

‘आडवा बारा, फुकट,’ बेकरीवालीनं लिहिलं.

‘आडवा बारा, मोफत,’ जज्जसाहेबांनी लिहिलं.

दोन्ही तीन अक्षरी. मधल्या अक्षरातून एक उभा शब्द खाली जात होता, ‘धीर धरणाऱ्याच्या वाट्याला हमखास येणारी गोष्ट’, दोन अक्षरं. बेकरीवाली म्हणाली, ती कळ. सोसावी लागते. जज्जसाहेब म्हणाले, ते फळ. मिळते. फुकटवाल्यांची कळ जुळत होती आणि मोफतवाल्यांचं फळ जुळत होतं. बाकी सगळं कोडं दोघांचंही अगदी तंतोतंत सारखं.

सोमवारपर्यंत तिथे दोन पक्ष पडले होते. फुकटवाले म्हणत, मोफत हा सरकारी शब्द आहे, दवाखान्याच्या पाटीवरचा, माणसाच्या तोंडातला नाही. मोफतवाले म्हणत, फुकट म्हणजे वाया गेलेलं, ज्याला दाम पडत नाही ते नव्हे. कुणी म्हणालं, धीर धरणाऱ्याला फळ मिळतं यावर अजून कोण विश्वास ठेवतं? त्यावर कुणी आपल्या लग्नाची हकीकत लिहिली. एका घरात तर नवरा फुकट आणि बायको मोफत, दोघांची बोलचाल बंद.

चौदा वर्गणीदारांपैकी एकानं शेवटी लिहून टाकलं, ‘अहो, मी पैसे भरले आहेत. अधिकृत उत्तर फुकट असं आहे.’

त्याच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. ‘असं उत्तर कुणी फुकट सांगतं का?’ एकानं विचारलं. ‘काहीतरी काळंबेरं आहे.’

आणि मंगळवारी सकाळी खालच्या खिडकीसमोर रांग लागली.

खिडकीवरचा कारकून इतका गांगरला की त्यानं आधी विचारलं, कुणी वारलं का? रांग दाराबाहेर, पायऱ्यांवरून, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत. लोक परवलीचा शब्द घेत, कुणाच्या तरी घरी किंवा कचेरीत जाऊन उत्तर बघत, आणि परत येत. फुकटवाले नाचत येत. मोफतवाले तणतणत येत. दुपारपर्यंत दिवाणखान्याएवढ्या त्या खालच्या दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मालक जिन्याच्या कठड्यावरून हे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई,” ते म्हणाले, “तुमचं भाकीत खरं ठरलं. परिषदेत मी हे सांगणार. जगाला सांगणार.”

“साहेब, पण खाली भांडण चाललंय.”

“भांडू देत! दोन्हीकडचे पैसे भरतायत!”

तेवढ्यात खालून एक उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ काठी आपटून म्हणाले, “उत्तर चुकीचं आहे! मला दाद मागायची आहे. कोडं रचणाऱ्याला समोर आणा!”

“आणा! आणा!” अख्खं दालन ओरडलं.

कारकुनानं बोट वर केलं. “त्या काय, त्या तिथं उभ्या आहेत.”

शे-दीडशे माना एकदम वर वळल्या. बाईंच्या हातात लाल पेन्सिल होती आणि चष्मा कपाळावर सरकलेला. एवढे लोक आपल्याकडे पाहत आहेत असं त्यांच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. पळावं असं मनात आलं, पण पाय जिना उतरायला लागले होते. पायांनी विचारलंच नाही.

“तुम्ही?” जज्जसाहेब म्हणाले, कारण काठीवाले गृहस्थ म्हणजे तेच होते. “तुम्हीच त्या? ‘सरकार मागतं, आई बजावते’?”

“हो, मीच.”

“बाई!” गर्दीतून एक गोलमटोल बाई पुढे घुसली, आणि तिच्या बाहीवर पीठ होतं. तिनं कोडेबाईंचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले. “मी ती टाळीवाली!”

बाईंना तिथेच हसू आलं असतं, पण जज्जसाहेबांनी काठी पुन्हा आपटली. “आधी निकाल.”

दालनात सूचनांचा फळा होता. बाईंनी त्यावरची रजेची यादी पुसली, खडू घेतला आणि चौकोन काढले. त्यात ‘फुकट’ लिहिलं, खाली ‘कळ’ लिहिली. फुकटवाल्यांनी जल्लोष केला. मग बाई थांबल्या. त्यांनी पुसलं, ‘मोफत’ लिहिलं, खाली ‘फळ’. मागे उभं राहून पाहिलं. मुद्रितशोधकाची नजर होती ती, स्वतःची चूक दिसली तरी तिला झाकता येत नव्हती. ‘ट’च्या खाली काळा चौकोन होता. तिथे टपाल असायला हवं होतं.

“अगं बाई,” त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, “दोन्ही बरोबर आहे.”

सगळे फळ्याकडे वळले. मग बेकरीवाली म्हणाली, “म्हणजे?”

“म्हणजे हे कोडं दोन तऱ्हांनी सुटतं. पुरंच्या पुरं.”

जज्जसाहेब फळ्याजवळ गेले. काठीनं एकेक घर मोजलं. भुवया वर गेल्या, तिथेच राहिल्या. “एका कोड्याची दोन निर्दोष उत्तरं,” ते सावकाश म्हणाले. “आणि दोन्हींचा अर्थ एकच. चाळीस वर्षं मी कोडी सोडवतोय. असं कौशल्य पाहिलं नाही.”

“कौशल्य नाही हो! गादीची जाहिरात आली, म्हणून एक ओळ...”

पण आता कोण ऐकतंय! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई ओरडून ओरडून सांगत होत्या, “चूक आहे ती! माझी चूक आहे!” आणि लोक म्हणत होते, काय ही नम्रता. फुकटवाले मोफतवाल्यांच्या गळ्यात पडले. त्या अबोल जोडप्यातली बायको नवऱ्याला म्हणाली, “तरी मोफतच जास्त बरोबर,” आणि दोघं हसत बाहेर पडली. जाहिरातवाला जिन्यावर उभा राहून सगळ्यांना सांगत होता की कल्पना मूळची त्याची.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. यापुढे दर शनिवारी दोन उत्तरांचं कोडं.

बाईंनी तीन शनिवार मारून मुटकून ते केलं. डोकं गरगरायला लागलं, झोपेत अक्षरं दिसायला लागली, नवऱ्याच्या कवळ्यांत त्यांना आडवे-उभे चौकोन दिसायला लागले. चौथ्या शनिवारी अभिप्रायाच्या पानावर कुणीतरी लिहिलं, ‘परत दोन उत्तरं? आता कळून चुकलंय.’ पुढच्या महिन्यात खिडकीवर वर्गणी भरायला नऊ जण आले. त्यांतला एक खिडकी चुकला होता, त्याला गादीची चौकशी करायची होती.

मालक खचले. खुर्चीत बसून त्यांनी सगळे कागदी रुमाल पुन्हा वाचले. “एकाचंही खरं ठरत नाही,” ते म्हणाले. “मीटर नाही, भाषणं नाहीत, खूळही ओसरत नाही.”

“मामंजी,” सून म्हणाली, “खिडकी बंद करूया. पण खालचं दालन शनिवारी उघडं ठेवूया.”

“कशाला?”

“ते लोक येतच आहेत.”

ते खरं होतं. उत्तराची खिडकी बंद झाली तरी शनिवारी दुपारी दहा-बारा जण दालनात येऊन बसायचे. फळ्यावर कोडं काढायचे आणि जोरजोरात भांडत सोडवायचे. बेकरीवाली टोपलीभर पाव आणायची. बाई वर दार लावून बसायच्या, पण खालचा आवाज ऐकून त्यांना धीर निघत नसे. शेवटी त्या खाली येऊन जिन्यावर बसायच्या आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून तोंडात पेन्सिल धरायच्या. तरी जज्जसाहेब त्यांच्या भुवया पाहून उत्तर ओळखायचे.

पुस्तकाची कल्पना बेकरीवालीची. मालकांनी कपाळावर आठ्या घातल्या. “वेबसाईटवर सगळी कोडी फुकट पडली आहेत. तीच कोडी विकत कोण घेणार?”

“मी घेणार,” बेकरीवाली म्हणाली. “संगणक काय भट्टीशेजारी नेऊ?”

“मी चार घेणार,” जज्जसाहेब म्हणाले. “एक पलंगापाशी, एक न्हाणीघरात, एक प्रवासाला. आणि एक उसनं मागणाऱ्यांना दाखवायला, की देणार नाही.”

मालकांनी नाखुशीनंच थोड्या प्रती काढल्या. मुखपृष्ठावर पहिल्यांदाच बाईंचं नाव छापायचं ठरलं, तेव्हा फोरमननं विचारलं, “खरं घालू की कोडेबाई?” बाईंनी बराच विचार केला आणि सांगितलं, “कोडेबाई. खऱ्या नावानं मला कोण ओळखणार?” प्रुफं मात्र त्यांनी स्वतः सात वेळा तपासली.

पुस्तक आलं त्या शनिवारी दालन पुन्हा भरलं. नवरा धुतलेला सदरा घालून आला होता आणि लोक त्याला विचारत होते, तुम्हाला तर सगळी उत्तरं आधीच कळत असतील. “मला आलं नाही तरच ते छापतात,” तो अभिमानानं सांगत होता. प्रती संध्याकाळच्या आत संपल्या. मालक कुणी पाहत नाही असं बघून शेवटची प्रत स्वतःच खिशात घालत होते, तेवढ्यात दारातून एक काळासावळा, दणकट माणूस आत आला. खांद्याला पिशवी, पायांत समुद्रावरचे जाड बूट. तो चालत होता तेही जमीन हलेल की काय अशा बेतानं.

“कोडं रचणाऱ्या बाई कुठे भेटतील?”

“मीच.”

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “मला आलं होतं.”

“खलाशी!” बाई किंचाळल्या. बेकरीवालीच्या हातातली टोपली पडली.

त्याची बोट दोन दिवसांसाठी बंदराला लागली होती आणि तो आगगाडीनं सहा तासांचा प्रवास करून आला होता. लोकांनी त्याला मध्ये बसवलं. कुणीतरी विचारलं, जहाजावर कोडं दिसतं तरी कसं? त्यानं सांगितलं, उपग्रहाच्या फोनवरून, फार हळू येतं, आणि मिनिटामागे आकार पडतो. मालकांचे कान टवकारले. किती पडतो? त्यानं आकडा सांगितला.  त्या माणसाच्या पगाराचा चांगला मोठा घास दर महिन्याला फोनवाले खात होते.

“एवढे पैसे?” मालकांचा आवाज चिरकला. “आमच्या फुकटच्या कोड्याला?”

“कप्तानही हेच विचारतो,” खलाशी म्हणाला. “पण तिकडे तीन-तीन आठवडे नुसतं पाणी दिसतं हो. आणि आमच्यात ही भाषा बोलणारा मी एकटा.”

 बाईंना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना उचकी लागली. बेकरीवालीनं पाठीवर थोपटलं, जज्जसाहेबांनी पाणी मागवलं. मालकांनी इकडे-तिकडे पाहिलं, खिशातली प्रत काढली आणि खलाशाच्या हातात ठेवली. किंमत मागायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण सून बघत होती.

खलाशानं पुस्तक उघडलं, पहिल्याच कोड्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली. “पेन्सिल आहे का कुणाकडे?”

दालनातल्या प्रत्येकानं आपापली पुढे केली.